खारकिव्हच्या लाद्या

३ फेब्रु., मंगळ. अबू धाबी
जुन्या बिल्डिंगच्या लॉबीचं काम सुरू. मॅनेजर म्हणाला, "पाटकर, सामनेवाली दीवार तोडो. पुरानी रशियन टाइल है." भिंतभर हाताने रंगवलेल्या लाद्या. कोंबडा, पानं, लाल फळांचे घोस. वीस वर्षं लाद्या बसवतोय, असं काम पाहिलं नाही. हाताखालच्या पोरांना म्हटलं, आधी सीलिंग घ्या.

४, बुध.
वरच्या डेंटल क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट ओक्साना भिंतीपाशी रडत होती. युक्रेनची. कोपऱ्यातली सही वाचून दाखवली. कुणा बाईचं नाव, खाली गाव, खारकिव्ह. ओक्सानाचंही गाव तेच. "रशियन नाही. हे अक्षर रशियन लिपीत नाहीच." लाल फळं म्हणजे कलीना. म्हटलं, आमचं कालिना सांताक्रूझला. जरा हसली.
मग म्हणाली, "तिकडे माझी शाळाही उरली नाही. हे इथे उरलंय, तर तुम्ही पाडताय."


५, गुरु.
मॅनेजरला म्हटलं, तीन दिवस द्या, लाद्या सुट्या काढतो. "रशियन, युक्रेनियन, क्या फरक पडता है? खलास करो." फरक पडत नाही! परवा ड्रायव्हरने याला चुकून श्रीलंकन म्हटलं, तर हाच अर्धा तास ओरडत होता.

६, शुक्र.
सकाळीच मॅनेजरने मला शहराबाहेर मुसाफ्फाच्या स्टोअरला पिटाळलं. परतलो तर अर्धी भिंत खाली. कोंबड्याचं डोकं डेब्रिसच्या गोणीत. मुद्दाम पाठवलं हरामखोराने. ब्रेकर मशीनचा प्लग उपटला, पोरांवर ओरडलो. त्यांचा काय दोष. ओक्साना जिन्यात उभी होती.  

७, शनि.
पहाटेच ओक्साना आणि मी, दोघं कामाला लागलो. पातळ छिन्नी, एकेक लादी. सहीच्या लादीला तिने माझं मनगट धरलं. "हळू." अखंड निघाली.
मॅनेजर आला. "किसकी परमिशन से?"
"माझ्या." मराठीतच.
वॉर्निंग लेटर दिलं. सही केली नाही.

९, सोम.
लाद्या रूमवर, खाटेखाली. ओक्सानाने युक्रेनच्या वकिलातीला मेल केलाय, उत्तर नाही. बायको फोनवर चिडली. "परक्यांच्या लाद्यांपायी नोकरी घालवाल!" परक्यांच्या नाहीत, म्हणालो. मग कुणाच्या, ते सांगता येईना. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.
आत्ता मॅनेजरचा मेसेज. उद्या सगळ्या लाद्या घेऊन ये, मालकाला बघायच्यात. बघायच्यात की फेकायच्यात, ते लिहिलेलं नाही.
ओक्सानाला विचारलं. म्हणाली, "तू ठरव."
मॅनेजरला अजून उत्तर दिलेलं नाही.