दारूच्या डॉक्टरांचा दहावा

सीवूड्स

चि. निकेशभावोजी यांस, अमितावहिनीचे आशीर्वाद. (तेरावा व्हायचा आहे, म्हणून वर श्री घातलेली नाही.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. तब्येत कशी आहे? जेवता ना? मी बरी आहे.

दादांच्या दहाव्याला तुम्ही आला नाहीत, म्हणून तिथे काय झालं ते कळवते. खाडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. दारूवरचा कर वाढला की माणसं किती कमी पितात, इस्पितळांवरचा भार किती उतरतो, हे मोजण्यात यांची सगळी हयात गेली, पीएच.डी.ही त्यातलीच. पण गावात ते 'दारूचे डॉक्टर'. (लग्नाआधी माझ्या वडिलांच्या कानावरही तेवढंच आलं होतं. तो गैरसमज निस्तरता निस्तरता लग्न मोडायचं राहिलं.) त्यामुळे बाजीरावमामांनी पावणे गावातून दारूची क्वार्टर आणून पिंडाशेजारी ठेवली. मी म्हटलं, मामा, त्यांनी कधी थेंब घेतला नाही. तर सासूबाईच म्हणाल्या, "दारूचा एवरा मोटा डॉक्टर, आन त्याचे पानावर दारू नको?" कावळ्याने बाटलीकडे पाहून पाठ फिरवली. मला तेवढंच बरं वाटलं.

मग वचनं सुरू झाली. मी म्हटलं, अर्धा राहिलेला अहवाल विद्यार्थ्यांकडून पुरा करून घेईन. (सरकार तो वाचेल, असं वचन द्यायला कुणी धजावलं नाही.) कावळा ढिम्म. भटजींना पुढचं काम होतं, ते दर्भाचा कावळा वळायला बसले. सासूबाई रडायला लागल्या, "पोर भुका चाललाय माजा."

यांच्या प्रत्येक आलेखात एखादा ठिपका रेषेपासून लांब पडायचा. त्याला हे 'आमचा निकेश' म्हणत. भाव वाढले की सगळे थोडी तरी कमी पितात, तुम्ही सोडून. "दादा, तुज्यामुलं म्हाग जाली," असं तुम्ही चिडवायचात तेव्हा हे हसायचे. घरी आल्यावर मात्र ताटावरून उठायचे. ते आठवलं आणि मी हात जोडून म्हटलं, निकेशभावोजी दारू सोडतील.

कावळा लगेच उतरला.

कळावे,
अमिता

ता. क. तुम्हाला न विचारता बोलले. व्यसनमुक्ती केंद्रात सोमवारची वेळ घेतली आहे. मी बरोबर येईन.

ता. क. पुन्हा. एका कावळ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं हे म्हणाले असते. तेवढं सासूबाईंना सांगू नका. त्या परवापासून जेवायला लागल्या आहेत.