सहा नंबरचा काळा डाग

२ फेब्रुवारी १९७८
सहा पांढऱ्या उंदरांवर काळ्या उंदराच्या कातडीचा चिंचोक्याएवढा तुकडा लावला. परकी कातडी दहाएक दिवसांत गळते. माझी गळणार नाही. तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच टोचल्या की त्याच तिची राखण करतात, हे माझं म्हणणं. २४ला पुण्याहून गाइड सबनीसबाई येणार. एक तरी तुकडा जिवंत दिसला तर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन राहील, नाहीतर पुन्हा मनमाडची शाळा, आठवी ड. तो प्रश्नच नाही.

३ फेब्रुवारी
उंदरांचं दाणापाणी बघणाऱ्या चांदवडच्या कुसाबाईंना अँटिबॉडी समजावल्या. विरुद्ध असतात त्या राखण कशाला करतील, म्हणे. यांच्याशी सायन्स बोलणं म्हणजे डोकं फोडून घेणं.
उद्यापासून पहाटे पाचला उठून भिंगातून तपासणी.

४ फेब्रुवारी, सकाळी ९
थंडी फार.

७ फेब्रुवारी
सहा नंबर चावला. यापुढे दारातूनच निरीक्षण. अनुभवी डोळ्याला भिंग लागत नाही.

१२ फेब्रुवारी
दोन, तीन, पाच मेले. एक आणि चारचे तुकडे गळाले. अँटिबॉडी मारकच असतात, हे मी मनात म्हणतच होतो. कुसाबाईंच्या मते पट्ट्या लय आवळल्या. आता चांदवडची बाई मला बँडेज शिकवणार.

१४ फेब्रुवारी
सहाची पट्टी काल कुसाबाईंनी सोडली. आज दारातून पाहिलं, पाठीवर काळाभोर, तुकतुकीत डाग. अँटिबॉडी राखण करतात, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

१९ फेब्रुवारी
डाग रोज जास्तच काळा. शिवाय किंचित डावीकडे सरकलाय. कातडी सोयीची जागा शोधते, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. या गुणधर्माला माझं नाव द्यायला हरकत नसावी.

२४ फेब्रुवारी
सबनीसबाईंनी सहा नंबर तळहातावर घेतला. डाग बघून मान डोलावली. मग स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा, उंदीर पांढरा.
कुसाबाई मला वाचवायला पुढे झाल्या. एकेक मरत व्हता, याला तरी नजर लागू नाय म्हणून रोज काजळाची तीट लावते, म्हणाल्या.
बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुकडा खरा कधी गळला, एवढंच त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. कुसाबाईंना होतं. अकराव्या दिशी, पट्टी सोडली तवाच.
बाईंनी वहीत तेवढी एकच नोंद केली, खाली कुसाबाईंचं पूर्ण नाव विचारून लिहिलं, आणि रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचं मला जिन्यात सांगितलं.