जकातीचा रांजण

सर, आमच्या शाळेची सहल यंदाही जुन्नरला गेली नाही. कारेगावच्या शाळेत इतिहास शिकवायला लागल्यापासून दरवर्षी मी विषय काढते आणि दरवर्षी तो पडतो. "बाई, दगडं बघायला पोरं कशाला न्यायची?" पालक समितीतले आप्पा म्हणाले. "आपल्या रानात काय कमी हायत व्हय? वॉटर पार्कला जाऊ, पोरं खूश, आन् आपण बी." सगळे हसले. मी सातवाहनांच्या काळातली बाजारपेठ, डोंगरात कोरलेली लेणी, घाटातले शिलालेख सांगत राहिले, तर शेजारच्या बाई पुटपुटल्या, "अगं, चहा गार होतोय तुझा."

मी तुमच्या वर्गात होते तेव्हा तुम्ही आम्हाला वडगाव रासाईहून एसटीनं जुन्नरला नेलं होतं. तिथल्या नाणेघाटात वारा सुटलाय, तुम्ही त्या मोठ्या दगडी रांजणापुढं टोपी पसरून उभे आहात. "व्यापारी इथं जकात भरायचे. भरल्याबिगर कुणी पुढं जायचं न्हाई!" कुणी टोपीत शेंगदाणे टाकतं, कुणी बोरं. माझ्याकडं काहीच नाही, मी मागं सरकते. तुम्ही विचारता, "तुझे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ना?"

"व्हय, सर."

"मग असल्याच घाटांनी उतरले असतील. जा पुढं. तुझी जकात त्यांनी कवाच भरलीय."

तोवर मला वाटायचं, इतिहास राजांचा असतो. आमच्या घरातली पहिली पदवी त्या एका वाक्यावर उभी आहे, सर. म्हणून चीड येते. माझ्या वर्गात कंपनीत राबायला बिहारहून, विदर्भातून आलेल्यांच्या मुली आहेत. पोटासाठी डोंगर ओलांडणं त्या रांजणाइतकंच जुनं आहे, हे त्यांना तिथं उभं करूनच सांगायचंय. वर्गात सांगून पाहिलं, तर एक म्हणाली, "मॅडम, परीक्षा में आएगा क्या?" तुमच्यावरही चिडते मी. आम्हाला घाट दाखवलात, पण तुमच्या वेळच्या आप्पांना कसं पटवलंत, ते काही सांगून गेला नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा विषय काढणार आहे. आणि तुम्ही आता नाही आहात, हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहिते. वॉटर पार्कात त्या मोठ्या घसरगुंडीवर मुलींनी मला ओढून नेलं, ते पहिल्यांदा. दुसऱ्यांदा मी आपणहून रांगेत उभी राहिले.