गुरुवारच्या भजनाचं ऑडिट

५ एप्रिल २०१८, गुरुवार. संध्याकाळी ७.३०
अनघा भजनाला गेली. टॅम्पिनीसला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. महिनाभर हेच चाललंय. गार्गी तिच्या खोलीत, दार बंद. पंधराव्या वर्षी मुली दार बंदच ठेवतात म्हणे. फ्रिज दोनदा उघडला. आत काही नवीन नाही. पुन्हा उघडला.

गार्गी लहान होती तेव्हापासून गुरुवारी रात्री अनघा आणि मी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर जेवतो. जेवायचो. तिची थोसाई, म्हणजे डोसा, माझे नूडल्स, आणि आठवडाभर तुआसच्या कारखान्यांत काय काय घडलं ते मी तिला सविस्तर सांगायचो. यात काय कमी होतं कळत नाही. आज एकटाच खाली जाऊन आलो. नूडल्स अर्धे टाकले.

मी क्वालिटी ऑडिटर आहे. बावीस वर्षं लोकांच्या कारखान्यांत जाऊन कुठं काय चुकतंय ते शोधून देतो. त्यापुढे एक भजनी मंडळ म्हणजे किरकोळ काम. ठरलं. मंडळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा, दोष काढायचा, अनघासमोर ठेवायचा. ती समंजस आहे. जूनपर्यंत गुरुवार परत आपला.

संकल्प: तटस्थ राहणे. न गाणे. प्रसाद फक्त नमुन्यापुरता.

६ एप्रिल, शुक्रवार
अनघाला विचारलं, तिथं नेमकं करता काय. म्हणाली, काही नाही रे, बसतो. हे उत्तर होऊ शकत नाही, असं मी तिला सांगितलं. मग समूहात गेल्यावर माणसाची विचारशक्ती कशी मंदावते ते समजावलं. ती फरसबी निवडत होती. फरसबी संपली, माझा मुद्दा संपायचा होता, तर तिनं कोथिंबिरीची जुडी ओढली. रस आहे तिला. शेवटी हं म्हणाली.

येत्या गुरुवारी मीही येतो म्हटलं. तू कंटाळशील, म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली. अंथरुणावर पडल्यावर परत. माझी काळजी करते.

१२ एप्रिल, गुरुवार. रात्री
पहिली पाहणी. घरून, बुकित पंजांगहून, टॅम्पिनीसपर्यंत मेट्रोच्या डाउनटाउन लाइननं सरळ जाता येतं, पण लांब आहे आणि सगळं बोगद्यातून. अनघाच्या कानात इयरफोन होते. मला बोलायचंय हे पाहून काढले. बोगदा खणणारं मशीन कसं काम करतं ते सांगितलं. बेडोक रिझर्वायर स्टेशन आलं तरी विषय संपला नव्हता. बिचारी एवढे दिवस हा प्रवास एकटी करत होती.

भजन मधुवंतीताईंच्या फ्लॅटमध्ये. कोथरूडच्या, इथं परदेशात दहाएक वर्षं, आता पीआर, म्हणजे कायम रहिवासी. साठीच्या आसपास. दत्ताची तसबीर, समई, सोफा भिंतीला सरकवलेला. पेटीवर पद्माकर म्हणून एक बँकेतले गृहस्थ, दिवसा कर्जांची जोखीम तपासतात. तबल्यावर धवल, आयटीतला. बाकी दहा-बारा माणसं, सगळी शिकलेली. म्हणूनच आश्चर्य.

निरीक्षणं: अजेंडा नाही. पदं कोणत्या क्रमानं घ्यायची ते लिहिलेलं नाही, कुणीतरी सुरू करतं आणि बाकीचे मागे येतात. एका बाईंचा सूर गेला, कुणी टोकलं नाही. गंभीर बाब.

सगळ्यात गंभीर शेवटी. आरती झाली की मधुवंतीताई दिवे घालवतात, समई तेवढी राहते, आणि सगळे नुसते बसतात. डोळे मिटून. जप नाही, काही नाही. किती वेळ, कुणी सांगत नाही. माझा पाय हलायला लागला. घसा खाकरला. मग परत खाकरला. नंतर पद्माकरांना विचारलं, संपलं हे कशावरून ठरतं? म्हणाले, कळतं. माणूस बँकेत टिकलाय कसा?

अनघाकडे मधे पाहिलं होतं. चेहरा एकदम वेगळा दिसला. झोपली असावी.

२६ एप्रिल, गुरुवार
आज गायलो नाही. एका पदाला फक्त ओठ हलवले. मधुवंतीताईंनी हातात झांजा दिल्या. बाहेरून पाहण्यापेक्षा सहभागी होऊन केलेला अभ्यास जास्त खोल जातो, हे मान्यताप्राप्त तत्त्व आहे. झांजा घेतल्या. धवल म्हणाला, काका, जरा हळू.

प्रसाद: शिरा. नमुना दोन वाट्या.

३ मे, गुरुवार
निष्कर्ष हातात आला. मूळ दोष म्हणजे शेवटची बैठक. ती रिकामी आहे. रिकाम्या जागेत माणसं काहीही कल्पना करून घेतात आणि पुढच्या गुरुवारी परत येतात. ती जागा ज्ञानानं भरली की मंडळाची पकड आपोआप सुटेल.

भजन झाल्यावर मधुवंतीताईंना सुचवलं की शेवटी नुसतं बसण्याऐवजी थोडं चिंतन ठेवू, बोलायची जबाबदारी माझी. म्हणाल्या, बघू. म्हणजे होकार. पद्माकर पेटीचा भाता बंद करत होते, त्यांनी मान वर केली नाही. अनघा चपला घालून लिफ्टपाशी जाऊन थांबली होती.

१७ मे, गुरुवार
कालपासून अधिक महिना. मधुवंतीताईंनी अनारसे केले होते. इथल्या दमट हवेत जाळी पडणं कठीण, त्याचं कारण तांदळाच्या ओलाव्यात आहे, ते त्यांना सांगितलं. म्हणाल्या, हो का. तीस वर्षं करतायत, पण शास्त्र माहीत नव्हतं.

आरती झाली. त्या दिव्याच्या बटणाकडे गेल्या तेवढ्यात मी बोलायला लागलो. विषय: ध्यानाच्या वेळी मेंदूत काय होतं. उत्तम झालं. पद्माकरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. कुणाचीही शंका आली नाही, इतकं स्पष्ट होतं.

परतताना अनघाला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, डोकं दुखतंय. डोकेदुखीचे प्रकार सांगत होतो, तिनं खिडकीकडे तोंड केलं. खिडकीबाहेर बोगदा.

३१ मे, गुरुवार
अनघा आली नाही. तिच्या ऑफिसात महिनाअखेरच्या हिशेबांचं क्लोजिंग. मी बोललो. विषय: प्रसादातला तुपाचा कस.

१४ जून, गुरुवार
कालच अधिक महिना संपला. आजही अनघा आली नाही. काम काही दिसलं नाही. सरळ म्हणाली, मला आता नाही जायचं तिकडे, तू जात जा.

जूनपर्यंत म्हणालो होतो. जूनच आहे.

वाद नाही, भांडण नाही, केवळ पद्धतशीर विश्लेषणानं एक माणूस भजनातून बाहेर काढला. ऑफिसात कुणाला सांगता येत नाही याचं वाईट वाटतं.

एकच अडचण. माझी चिंतनमाला मधेच सोडता येणार नाही. तीन विषय उरलेत आणि लोकांना सवय लागली आहे. म्हणजे हॉकर सेंटर आणखी थोडं लांबणीवर. अनघाला तसं समजावलं. म्हणाली, काही हरकत नाही, तू सावकाश कर. फार मोकळं हसली. बऱ्याच दिवसांनी.

१२ जुलै, गुरुवार
उपस्थिती रोडावली आहे. धवल टूरवर. एक जोडपं कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं, त्यांना लांब पडतं. सूर जाणाऱ्या बाईंना मागच्या वेळी सुधारणेसाठी काही सूचना केल्या होत्या, त्याही दिसल्या नाहीत. मंडळांचं असंच असतं, बांधिलकी नसते. उरलेत ते खरे जिज्ञासू.

विषय वाढवले. आता सहा उरलेत.

घरी आलो तर अनघा गुणगुणत भांडी लावत होती. मी आत शिरलो आणि थांबली. का थांबली?

२७ जुलै, शुक्रवार. गुरुपौर्णिमा
आज मोठा कार्यक्रम. पत्रिकेत माझं चिंतन छापायचं राहून गेलं होतं. गडबडीत होतं असं. मी आरतीनंतर उभा राहिलोच. नैवेद्य थंड झाला असं नंतर कुणीतरी कुणाला तरी म्हणताना ऐकलं. मधुवंतीताई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, अहो निशिकांत, तुम्ही थकत नाही का हो? मी म्हणालो, अजिबात नाही. किती आपुलकी.

झोप येत नाही. कशानं ते कळत नाही. अभ्यास यशस्वी झालाय.

२ ऑगस्ट, गुरुवार
आज चिंतन रद्द केलं. आपणच आपल्या मालेचे मालक. तुआसहून लवकर निघालो, अनघाला न सांगता, तिला थेट खाली जेवायला न्यायचं म्हणून. वाटेत आठवडाभराच्या गोष्टी मनात लावून ठेवल्या.

दार उघडलं. अनघा खिडकीशेजारच्या खुर्चीत बसली होती. टीव्ही बंद. फोन कुठं दिसला नाही. हातात चहाचा कप. मला बघून उठलीच. आज गेला नाहीस का, असं विचारलं. म्हटलं, सरप्राइज, चल जेवायला. तिचा चेहरा एवढा उतरला की मला वाटलं पुण्याहून काही वाईट फोन आलाय. आई बऱ्या आहेत ना, विचारलं. तेव्हा गार्गीचं दार उघडलं. बाबा, जस्ट गो लाह, म्हणाली, इथल्या पोरांच्या ढंगात. थर्सडे इज हर डे. आणि दार लावून घेतलं.

मग अनघा बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, मी फार देवभोळी म्हणून जात नव्हते रे तिकडे. तिथं गेल्यावर मला कुणी काही समजावून सांगत नव्हतं. शेवटी सगळे गप्प बसायचे ना, त्यासाठी एवढ्या लांब जायचे. तू तिथंही बोलायला लागलास. मग म्हटलं, तू तिकडे असतोस तर इकडे घर शांत असतं, तेही चालेल.

मी विचारलं, मग मंडळ सोडू का मी? नको, म्हणाली. विचार न करता म्हणाली. नंतर तिलाच वाईट वाटलं असावं, माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

 वाईट वाटतंय, फार वाईट. इतक्या वर्षांच्या गुरुवारांत अनघा मला काय सांगायची ते आठवून पाहिलं. मी काय सांगितलं ते सगळं आठवतं. तिचं एक वाक्य आठवेना.

९ ऑगस्ट, गुरुवार
इथला नॅशनल डे. सुट्टी. संकल्प: दिवसभर काही समजावायचं नाही.

सकाळी इडल्या बसल्या. कारण माहीत होतं. खाल्ल्या. दुपारी गार्गी कॅल्क्युलसचं गणित चुकीच्या पद्धतीनं करत होती. बाहेर जाऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. संध्याकाळी परेडची विमानं गेली तेव्हा अनघा खिडकीत येऊन म्हणाली, किती जवळजवळ उडतात ना. ते कसं जमतं ते मला पूर्ण ठाऊक आहे. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

रात्री अनघानं घसा दुखतोय का विचारलं आणि हळदीचं दूध दिलं.

१५ ऑगस्ट, बुधवार
पद्माकरांचा मेसेज. भजन तूर्त बंद ठेवतोय, सगळ्यांची कामं वाढलीत, पुन्हा सुरू झालं की कळवू. नमस्कार.

श्रावण लागून चार दिवस झाले. श्रावणात दत्ताचं भजन बंद. खरंच सगळ्यांची कामं वाढली असतील. बँकेत असतं तसं.

अनघाला सांगणार होतो. ती स्वयंपाकघरातून विचारत होती, उद्या आहे ना रे भजन? विचारताना आवाजात असं काही होतं की मी हो म्हणालो.

१६ ऑगस्ट, गुरुवार. रात्री ८.१५, टॅम्पिनीस
स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय.

निघताना अनघा दारापर्यंत आली. शर्टाची कॉलर सरळ केली. कधी येशील विचारलं. लवकर येतो म्हणालो. घाई करू नकोस, म्हणाली.

कुठं जायचं ठरवलं नव्हतं. गाडीत बसलो, सवयीनं इथं उतरलो. गुरुपौर्णिमेच्या प्रसादाचा मधुवंतीताईंचा स्टीलचा डबा पिशवीत होता, तेवढं निमित्त झालं. म्हटलं, भजन नसलं तरी डबा देऊन येऊ.

वर गेलो. कॉरिडॉरभर चपला. दाराच्या दोन्ही बाजूंना, शेजाऱ्यांच्या कुंड्यांपर्यंत. एवढी माणसं माझ्या वेळी कधीच नव्हती. आतून आरती ऐकू येत होती. ती तबल्याची बोटं धवलचीच. सूर जाणाऱ्या बाईही होत्या, आणि आजही सूर गेला, आणि आजही कुणी थांबलं नाही.

बेलवर बोट ठेवलं होतं. दाबली असती तर मधुवंतीताईंनी या हो म्हणून आत घेतलं असतं. पाट दिला असता. त्यांना नाही म्हणता येत नाही, हे आता कळतंय.

तेवढ्यात आरती संपली आणि दारावरच्या काचेतला उजेड गेला. सगळं शांत झालं. मी तसाच उभा. पाय हलत होता, तो दुसऱ्या पायानं दाबून धरला. खोकला आला, रुमाल तोंडात धरला. किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. मग आत कुणीतरी हळूच हललं. संपलं होतं. मला बाहेरून कळलं.

कुणी दार उघडायच्या आत जिन्यानं खाली आलो. डबा तिथं ठेवला असता तर मी येऊन गेलो हे त्यांना समजलं असतं. तो परत पिशवीतच आहे.

दोन गाड्या येऊन गेल्या. आत्ता निघालो तर सव्वानऊला घरी पोचेन. अनघा साधारण दहापर्यंत धरून चालली असेल. आणखी दोन-तीन सोडतो.