इवायासोबत मर्वला

३ फेब्रुवारी २०२४, आमगाव

ठरलं. तुर्कमेनिस्तान.

राहुल म्हणाला, "बाबा, तुर्की म्हणायचंय का?" नाही. तुर्कीला आता कोणीही जातं. आमगावातलं कुत्रं फिरकलं नाही असाच देश मी शोधून काढला. वाळवंट आहे, मर्व नावाच्या फार जुन्या शहराचे अवशेष आहेत. आणि मुख्य म्हणजे इवाई शालीकराम तिथे गेलेले नाहीत.

इवाई म्हणजे राहुलचे सासरे. सौंदडला धान पिकवतात आणि जगभर हिंडतात! स्वित्झर्लंडच्या बर्फात इवाई, बालीच्या समुद्रावर इवाई. मी जेवायला बसलो की सूनबाई राखी फोन समोर धरते — "मामाजी, बाबाचा फोटो पाहा." मग घास उतरत नाही.

५ फेब्रुवारी

बायको, जमुना, येत नाही. "तिथं भात भेटते का बरोबर? तुमीच जा." एकट्याला नेत नाही म्हणतात टूरवाले.

संध्याकाळी राखीने परस्पर माहेरी फोन केला. आता इवाईही सोबत येणार. माझ्या देशात.

१४ एप्रिल, दिल्लीहून विमानात

विमानतळावर इवाई सरकत्या जिन्यापाशी थांबले. मागे गर्दी. "गुडघा धरला," म्हणाले. तपासणीत पट्टा काढायला सांगितला तर घाबरून माझ्याकडे बघितलं, म्हणजे अजून काय काय काढायचं. विमान उडताना माझं मनगट धरलं ते वर पोचेपर्यंत सोडलं नाही.

इतके देश फिरलेला माणूस!

संशय आला. इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो — फार गोड वाटलं.

१५ एप्रिल, अश्गाबाद

सगळं शहर पांढऱ्या संगमरवराचं. रस्त्यावर माणूस नाही. "कर्फ्यू आहे का जी?" — इवाई.

पण खरा घात वेगळाच. इथे व्हॉट्सॲप चालत नाही. फेसबुक नाही. मी तुर्कमेनिस्तानात आहे हे आमगावला कळत नसेल तर मी आहे कशाला इथे?

१७ एप्रिल, मर्व

माती.

परतल्यावर आमगावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात करायचं भाषण मी घरूनच लिहून आणलं होतं. 'भव्य', 'दिव्य', 'डोळ्यांचे पारणे'. इथे वारुळांसारखे ढिगारे आणि एक मोठी मातीची भिंत, उभ्या घड्या पडलेली. आयगुल नावाची गाईड आहे, दिल्लीत शिकलेली. हिंदीत सांगत होती — एकेकाळी जगातल्या मोठ्या शहरांत याची गणती, मग मंगोल आले, कापाकापी झाली, संपलं. मी मान हलवत होतो. मनात एकच, हे मंडळात सांगायचं कसं?

इवायांना ऊन लागलं. चेहरा पांढरा पडला. भिंतीच्या सावलीत बसवलं. आयगुल पाणी आणायला गाडीकडे धावली.

शालीकराम मला म्हणाले, "इवाई, एक सांगाचं आहे. मी कुठंच गेलो नाही."

"म्हणजे?"

"स्वित्झर्लंड नाही, बाली नाही. नागपूरच्या पुढं हे पयलंच."

"आणि फोटो?"

"ते मोबाइलवर बनते."

"पण काऊन, कशासाठी?"

इवायांनी बोटाने मातीत रेघ ओढली. मग म्हणाले, "साक्षगंधात, लग्न ठरलं तवा, तुमच्याकडच्या कोणी इचारलं होतं, पोरीचा बाप धानाच्या बांधीभायेर गेला का कधी? सारे हासले. पोरगी तिथंच बसली होती."

कोणी विचारलं ते मी विचारलं नाही. आमच्याकडचे पाहुणे काहीही बोलतात.

तर, जिंकलो. आणि व्हॉट्सॲप नाही.

पाणी प्यायल्यावर इवायांना हुशारी आली. म्हणाले, "माझा एक काढा. खरा." भिंतीला टेकून उभे राहिले. डोळे बारीक, केसांत धूळ. फोटोत भिंत कुठे संपते आणि इवाई कुठे सुरू होतात तेच कळत नाही. त्यांना मात्र तो फार आवडला. दहादा बघितला.

२१ एप्रिल, आमगाव

मंडळात सत्कार झाला, दोघांचाही. भाषण केलं. 'डोळ्यांचे पारणे' म्हटलं तेव्हा इवाई खाली बघत होते. शेवटी अध्यक्ष दुधरामजींनी विचारलं, "शालीकरामजी, तुमी तर जग पाहिलं. स्वित्झर्लंड चांगलं का हे?"

इवायांनी माझ्याकडे बघितलं. विमानतळावर पट्टा काढताना बघितलं होतं तसंच.

किती दिवस वाट बघितली होती मी या क्षणाची. उठलो. माइक घेतला.

"स्वित्झर्लंडचं काय घेऊन बसले जी? तिथं कोणीही जाते."

टाळ्या. असं काऊन बोललो, माहीत नाही. घरी येऊन जमुनावर उगाच चिडलो.

२२ एप्रिल

राखी चहा घेऊन आली. "बाबानं तुमाले सांगितलं म्हणे."

मी पेपरचं पान उलटलं.

"बाबा नाहीच म्हणत होते, मामाजी. त्याले तर फोटो पाठवताबी येत नाही. सारे मीच बनवले. तुमी जेवाले बसले का दाखवाले." कप ठेवला. "बाबा म्हणते, पाहुणे बोलले. मी समोरच होती ना. पाहुणे नव्हते. म्हणून तर फोटो तुमालेच दाखवले."

बस ना, म्हटलं.

बसली नाही.