करंजाखालची जागा

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

क्लबचा सीझन आजपासून सुरू. पाडव्यापर्यंत करंजाखालच्या जागेवरून एक मासा काढायचा आहे. फक्त एक. नियम तसाच आहे. ज्या जागेवरून सीझनभर मासा निघत नाही, ती जागा पाडव्याच्या बैठकीत दुसऱ्याला जाते. ह्यांची जागा म्हणून गेल्या वर्षी मला माफी होती. ह्यांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. यंदा माफी नाही.

आठवण वगैरे काही नाही. बसायला सपाट दगड, वर सावली, मोकळी हवा. जागा हवी ती एवढ्यासाठी.

दयानंद सरांचा त्या जागेसाठी अर्ज आहे. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आता रिटायर. त्यांच्या जागेवर दुपारी ऊन येतं. आज म्हणाले, वहिनी, मला घाई नाही, पाडव्यापर्यंत थांबतो. माणूस गोड बोलायला लागला की सावध व्हावं.

गळ संध्याकाळी टाकला. काही लागलं नाही. पहिलाच दिवस आहे.

२८ फेब्रुवारी

सकाळी नेहमीप्रमाणे माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या. हे गेल्यापासून एकदाही खाडा नाही. शेजारच्या चतुराबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, माशाच्या तोंडात घास पडला की गेलेल्याच्या तोंडात पडतो बाई. मी असलं काही मानत नाही. पण ह्यांनी इतकी वर्षं या तळ्यातले मासे खाल्ले. थोडं परत गेलं तर बिघडलं कुठं.

गोळ्या मुद्दाम करंजाखालूनच टाकते. मासे जागेला सरावतील.

संध्याकाळी पाचला त्याच जागी गळ टाकला. गळालाही तीच कणीक. एक मासा फिरकला नाही. सकाळी मात्र पाय ठेवायचा अवकाश, धावत येतात. माशांना वेळेचं भान नसावं.

२ मार्च, रविवार

क्लबची सभा. अध्यक्ष रामलिंगआप्पा बोलले. आप्पा पाटबंधारे खात्यात होते. कधीतरी हिमाचलात ट्रेनिंगला गेले, तिथल्या नदीत ट्राउट नावाचा मासा धरला आणि परत येऊन मुरुडला ट्राउट क्लब काढला. आपल्याकडे ट्राउट नाही. आप्पा म्हणतात, नाव मोठं ठेवलं की मासा मोठा लागतो. स्वतः शाकाहारी आहेत. मासा काढतात, काट्यावर वजन करतात, त्याची माफी मागतात आणि सोडून देतात.

क्लबची दोन तळी आणि नदीचा एक डोह. यंदा धाकटं तळं संक्रांतीलाच आटलं. डोहात म्हशी बसतात. राहिलं थोरलं तळं, तेही निम्म्यावर आलंय. आप्पा काळजीत दिसले. मला तर बरंच वाटतं. पाणी कमी म्हणजे मासे दाट. साधा हिशोब आहे.

आप्पांनी ट्राउटच्या पुस्तकाचं मराठी करून झेरॉक्स वाटल्या. मी घरी येऊन दोनदा वाचली. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर आणि मग वाचनालयात. पण वाचलेलं डोक्यात बसतं. त्यात लिहिलंय, वसंतात भुकेला मासा पहाटे पाण्याच्या वर तोंड काढतो, हीच गळ टाकायची वेळ. खाली रेघ मारून ठेवली.

नांदेडहून साक्षीचा फोन. आई, इकडं राहायला ये, तिकडं तुला आहे काय? म्हटलं, क्लब आहे. ती म्हणाली, पाडव्याला बघू.

५ मार्च

दयानंद सर आज माझ्या दगडाजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, वहिनी, सकाळी तुम्ही पोटभर जेवू घालता आणि संध्याकाळी पुन्हा पान मांडता. भरल्या पोटी कोण येईल?

डाव लगेच लक्षात आला. मी घास बंद करावा, मासे जागा विसरावेत आणि जागा सरांच्या पदरात पडावी.

निश्चय: उद्यापासून कणीक दुप्पट.

८ मार्च

चतुराबाईंनी गल्लीत बोलून ठेवलेलं दिसतं. आज तळ्यावर सहासात बायका. कुणी सासऱ्याच्या नावानं, कुणी दिराच्या. एकीचा मुलगा गेला आहे, ती एकेक गोळी टाकत होती. एकीनं सरकीची पेंड आणली, पोतंभर. म्हटलं, एवढी? म्हणाली, आमचे दाजी लई खायचे.

सगळ्या करंजाखालूनच टाकतात. माझ्या जागेचा मान वाढला. सरांनी लांबून पाहिलं, हात जोडले, गेले.

पाण्याचा रंग हिरवा झालाय, मेंदी कालवल्यासारखा. छान दिसतो.

संध्याकाळी गळाला काही नाही. वारा नव्हता, त्यामुळे.

११ मार्च, पहाटे

मासे वर आले.

आज उजाडताच गेले तर माझ्या दगडापासून पार पलीकडच्या बांधापर्यंत नुसती तोंडं. रोहू, कटला, लहान, मोठे. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं. आवाज येत होता, सगळे मिळून काही चघळत असल्यासारखा. झेरॉक्समध्ये लिहिलंय तसंच अगदी. गळ टाकला. कोणी घेतला नाही. ऊन चढलं तसे खाली गेले.

गवळ्याच्या म्हशी काठापर्यंत आल्या, वास घेतला आणि फिरल्या. गवळी काठी घालत राहिला, तरी पाण्याला तोंड लावेनात. म्हशींना काय कळतं.

साक्षीला फोन करून सांगितलं, मासे वर आलेत, आता दोनचार दिवसांचं काम. म्हणाली, आई, तू जेवतेस ना?

१३ मार्च, होळी

पुरणपोळीचा नैवेद्य होळीला दाखवून बायका तळ्यावर आल्या. पोळ्या, कटाची आमटी, भात. चतुराबाईंनी अख्खं ताट सोडलं. पोळ्या थोडा वेळ तरंगल्या. एकाही माशानं ओढली नाही. मग आपोआप बुडाल्या. चतुराबाई म्हणाल्या, आज सणाचं सगळीकडंच जेवण जड झालं असंल.

तळाकडून बुडबुडे येतात. वास येतो, गुरांच्या शिळ्या आंबवणासारखा. सणाच्या दिवशी असा वास यायचाच.

१४ मार्च

दयानंद सर घरी आले. धुळवडीचा रंगसुद्धा अंगावर नव्हता. चहा घेतला नाही. म्हणाले, वहिनी, ऐका माझं. पेंड, पोळ्या सगळं तळाला सडून राहिलंय. पाण्यातली हवा संपत आली. मासे खायला वर येत नाहीत, दम घ्यायला येतात. हे थांबवा. आणि ती जागा ठेवा तुम्ही. मी अर्ज मागं घेतो, आत्ता लिहून देतो.

म्हटलं, सर, जागा मी दान म्हणून घेणार नाही. मासा काढून घेईन.

सर उंबऱ्यात थोडे थांबले. म्हणाले, शेषेराव असते तर त्यांनी तरी ऐकलं असतं.

हे बोलायला नको होतं. ह्यांनी कुणाचं कधी ऐकलं. डॉक्टरांचं तरी ऐकलं का.

झेरॉक्स पुन्हा वाचली. वर येणं म्हणजे भूक. स्पष्ट लिहिलंय. सर विज्ञानाचे असतील, पण ट्राउटबद्दल त्यांनी काही वाचलेलं नाही.

१७ मार्च

सरांची शंका कायमची मिटवावी म्हणून आज घास बंद ठेवून पाहिला. प्रयोग. चतुराबाईंनाही सांगितलं, एक दिवस थांबा. त्या म्हणाल्या, तू थांब बाई, माझ्या माणसाला मी उपाशी न्हाई ठेवत.

दुपारी जेवायला बसले. वरण-भाकरी, ठेचा. पहिला घास मोडला आणि हातातच राहिला. मी असलं काही मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. फक्त भाकरी घशाखाली उतरेना. ताट झाकलं. दोन दिवसांची कणीक एकदम मळली आणि उन्हात तशीच तळ्यावर गेले. चप्पल घालायचं राहून गेलं, पाय भाजले.

सगळी टाकली. घरी येऊन जेवले. दोन भाकरी गेल्या.

प्रयोगातून काही सिद्ध झालं नाही.

१९ मार्च

आप्पांनी तळ्यावर पाटी लावली: माशांना खाद्य टाकू नये. दुपारपर्यंत पाटीला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. खाली दोन पोळ्या.

पाणी आणखी मागं गेलंय. गळ टाकायला आता दगडावरून उतरून भेगाळलेल्या गाळातून चालावं लागतं. वरून वाळलेला दिसतो, खाली मऊ आहे. आज एक पाय पिंडरीपर्यंत गेला. चप्पल आतच राहिली.

निश्चय: उद्यापासून काठी घेऊन जाणे.

२१ मार्च

सकाळपासून मळभ. पान हलत नाही. अंगाला चिकचिक. आप्पांनी फोन करून सांगितलं, आज कुणी तळ्यावर जाऊ नका. म्हटलं, का? म्हणाले, बघवत नाही.

गेले. हवा फिशिंगला उत्तम. ऊन नाही, डोळ्यावर चमक नाही.

शंखातल्या गोगलगायी पाणी सोडून दगडावर चढल्या होत्या. दगड काळा, त्यांनी भरलेला. बसायला जागा उरली नव्हती, हातानं बाजूला केल्या. खेकडे गाळातून गावाकडे निघालेले. बेडकांचा आवाज नाही. पलीकडच्या बांधावर घारी बसलेल्या, ओळीनं. त्या उडत नव्हत्या. वाट बघितल्यासारख्या बसल्या होत्या.

माझ्या पायाशी एक रोहू. हातभर असेल. तोंड पाण्याबाहेर, अंग जवळजवळ आडवं. इतक्या जवळ मासा या सीझनमध्ये आला नव्हता. गळाला ताजी गोळी लावली, गळाची काठी न वापरता तंगुसाची दोरी हातातच धरली आणि गोळी त्याच्या उघड्या तोंडात ठेवली. अगदी आत.

त्यानं तोंड मिटलं नाही.

मी थांबले. गोळी तोंडात विरघळली आणि पाण्यासोबत बाहेर आली. त्याचा डोळा माझ्याकडे होता. पापणी नसते माशाला, त्यामुळे तसं वाटतं. ओढला असता तर लागलाही असता. नियमात बसला असता. का कोण जाणे, हात ओढेना. गळ काढून घेतला.

म्हटलं, उद्या. आज त्याला भूक नसावी.

२२ मार्च

सकाळी गेले. लांबून तळं पांढरं दिसलं. वाटलं, ऊन पडलंय पाण्यावर.

ऊन नव्हतं.

२३ मार्च, रविवार

मासे काढले. दिवसभर. न काढले तर रोगराई होईल म्हणून सगळा क्लब, तोंडाला रुमाल बांधून. काल दिवसभर कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे पोटं फुगलेली. माझ्याकडे घमेलं. करंजाखालच्या बाजूला खच सगळ्यात जास्त होता, घास तिथंच पडायचा. ती बाजू मीच घेतली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आप्पांनी सवयीनं वजनकाटा आणला होता. पहिला कटला त्यावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग काटा गाडीत ठेवून आले. प्रत्येक घमेल्याला काहीतरी पुटपुटत होते.

दयानंद सरांनी जेसीबी बोलावून खड्डा घेतला. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: हवा खराब होती, मळभ होतं, पाणी आटलं, त्याला कोण काय करणार. सर काही बोलले नाहीत. माझं घमेलं भरलं की एका बाजूनं धरायचे, एवढंच. उत्तर तसंच राहिलं.

चतुराबाई काठावर बसून होत्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, सिंधू, रडू नको गं. समदे तुझ्या माणसाकडंच गेले. आता तिकडं काही कमी न्हाई.

म्हटलं, रडत नाही, वासानं पाणी येतंय डोळ्याला.

२६ मार्च

काही नाही.

कणीक मळली होती. सवयीनं. गायीला घातली.

३० मार्च, गुढीपाडवा

बैठक तळ्यावरच झाली. वास अजून आहे. नाकाला पदर लावूनच बसले.

विषय एकच, जागांचा. मी आधीच सांगितलं, आप्पा, गळाला एकही मासा लागला नाही, जागा द्या सरांना. बोलायला सोपं गेलं. कालपासून घोकलं होतं.

आप्पांनी नियमाचं पुस्तक उघडलं, चष्मा पुसला. म्हणाले, नियम असा आहे की मासा त्या जागेवरून काढलेला असावा. कशानं काढावा, ते लिहिलेलं नाही. जिवंत असावा, असंही लिहिलेलं नाही. यंदा करंजाखालच्या जागेवरून सिंधुबाईंनी जेवढे मासे काढले तेवढे क्लबच्या इतिहासात कुणी काढले नाहीत. जागा त्यांची.

कुणी हसलं नाही. आप्पा तर विनोद करणाऱ्यातले नाहीतच. दयानंद सरांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर. पुढच्या सीझनला मासे नाहीत, बीज सोडायचं का ते पाऊस बघून ठरवू, असंही ठरलं.

सगळे गेल्यावर दगडावर बसले. आता बसायला कुणाची परवानगी लागत नाही. दुपार झाली. सावली होती.

साक्षीचा फोन आला. आई, जागेचं काय झालं? म्हटलं, मिळाली. ती खूश झाली, खरोखर खूश झाली. म्हणाली, म्हणजे मासा लागला तर. म्हटलं, हो.

केवढा होता?

म्हटलं, लहान-मोठे, सगळेच.