कुटुंबाची हरकत नसल्यासच

१५ जानेवारी

आज मंत्र्याला घाम फोडला!

सरकारचं नवं विधेयक. अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, कोरोनरने, म्हणे ती आता नुसत्या कागदांवर उरकली तरी चालेल. सुनावणी नाही, साक्षीदार नाहीत, कुणी कुणासमोर उभं राहायला नको. मी विचारलं, ‘गेलेल्या माणसाच्या आईला काही विचारायचं असेल, तर तिने ते कुणाला विचारायचं?’ मंत्री लॉर्ड हेसेल्डन उठले. फायलीत बघितलं, कोपऱ्यात बसलेल्या अधिकाऱ्यांकडे बघितलं. ‘मी माननीय लेडींना लेखी कळवीन.’ म्हणजे उत्तर नाही! सगळ्या बाकांवरून हशा. त्यांच्यासुद्धा.

क्लेमंटला घरी फोन करून सांगितलं. ‘अगं, मी वकिलाशी लग्न केलं होतं. तू खाटीक कधी झालीस?’ बायको संसदेच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये गेल्यापासून स्वयंपाक त्याच्या गळ्यात पडलाय, पण आज स्वारी खूश होती.

२२ जानेवारी

मिसेस स्टॅनिफोर्थ आमच्या हल शहराहून भेटायला आल्या. मुलगा डॅरल, वय चोवीस, मासळीच्या शीतगृहात कामाला. नोव्हेंबरात तिथे वायुगळती झाली. सगळे बाहेर पळाले, डॅरलही बाहेर आला—आणि परत आत गेला. तो आतच राहिला. कंपनीचा अहवाल म्हणतो, ‘नियम मोडून स्वतःहून आत गेला.’

‘कोपऱ्यावरून दूध आण म्हटलं तर कुरकुर करायचा हो,’ त्या म्हणाल्या. ‘तो असल्या ठिकाणी परत कशाला जाईल?’ शेजारीपाजारी म्हणतात, मोबाइल राहिला असेल, जॅकेट राहिलं असेल. हल्लीची पोरं! त्यांना सगळ्यांसमोर, माणसांच्या तोंडावर एकदाच विचारायचंय—माझा मुलगा परत आत का गेला? चौकशी अजून सुरू झालेली नाही. हे विधेयक असंच संमत झालं, तर कागदावरच मिटणार.

मी शब्द दिला नाही. उभ्या हयातीत अशिलाला शब्द दिला नाही मी. पण त्या गेल्यावर बराच वेळ राग राग झाला माझा.

३ फेब्रुवारी

समितीत कलम चौदा, कागदी चौकशीचं. इथे मतदान करायचं नाही, नुसतं सोलायचं—माझं आवडतं काम!

हेसेल्डन: ‘योग्य त्या परिस्थितीतच कागदी चौकशी होईल.’ योग्य कोण ठरवणार? ‘कोरोनर.’ कोरोनर चुकला तर? ‘कुटुंब हरकत घेऊ शकेल.’ कुठल्या कलमाखाली? पाणी प्यायले. पुन्हा विचारलं. पुन्हा पाणी! बिचाऱ्याचा पाण्याचा जगच रिकामा केला मी.

११ फेब्रुवारी

कलम चौदाला दुरुस्ती दाखल केली. तीनच शब्द—‘कुटुंबाची हरकत नसल्यासच.’

जेवायला लांब टेबलाशी. तिथे जागा निवडायची नसते, पुढची रिकामी खुर्ची आपली. आज शेजारी आले लॉर्ड ॲस्क्रिग. सत्ताधारी पक्षाचे, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, गेली कित्येक वर्षं सभागृहात तोंड उघडलेलं नाही. ‘तुमची दुरुस्ती वाचली, बाई. फारच छोटी.’ मी म्हटलं, नाव ठेवताय की कौतुक करताय? ‘छोटीच बरी. मोठी असली की सरकारला कुरतडायला कोपरे सापडतात.’ आणि माझ्या बशीतला लोण्याचा तुकडा न विचारता उचलला!

३ मार्च

रात्रीचे अकरा वाजलेत. पण लिहिणार.

बोलायला उठण्याआधी हेसेल्डनने बाहेर गाठलं. एकदम मऊ. ‘लेडी थर्लबी, मतदान कशाला? मार्गदर्शक सूचनांत कुटुंबांचा उल्लेख घालतो. सभागृहात तसं जाहीर करतो.’ माझा हिशोब केव्हाचा झाला होता, आम्ही पडणार होतो. पडलो तर हाती शून्य. हे घेतलं तर निदान काहीतरी! मी विरघळले. वर प्रेक्षकांत मिसेस स्टॅनिफोर्थ बसल्या होत्या. तिकडे बघितलंच नाही.

भाषण केलं. हेसेल्डनने ठरल्याप्रमाणे आश्वासन दिलं. मी उठून म्हणाले, ‘दुरुस्ती मागे घ्यायची परवानगी मागते.’ ती परवानगी अख्ख्या सभागृहाने द्यायची असते. देतातच. कुणाचं लक्षही नसतं.

‘नाही!’

सत्ताधारी बाकांवरून! ॲस्क्रिग! त्यांच्या पक्षाचा प्रतोद असा वळला, जणू खुर्चीच बोलली. म्हातारा बसल्या जागेवरून पुन्हा ओरडला, ‘नाही!’ एकाने जरी नाही म्हटलं, तरी दुरुस्ती मागे घेता येत नाही. झालं! मतदानाच्या घंटा वाजल्या, सगळे उठले. दुरुस्तीच्या बाजूने मत देणारे एका दालनात जातात, विरोधातले दुसऱ्यात. माझं डोकं भणभणत होतं—माझी दुरुस्ती, आणि मलाच विचारत नाही हा माणूस!

आमच्या बाजूच्या दालनात गेले, तर ॲस्क्रिग काठी टेकत पुढे चाललेले, आणि त्यांच्यामागे त्यांच्याच पक्षाची रांग! माना खाली, पण आमच्या दालनात!

सहमत दोनशे अकरा. असहमत दोनशे आठ.

जिंकलो!! तीन मतांनी! शेजारच्या बाईने मला एवढ्या जोरात मिठी मारली की चष्मा पडला.

ॲस्क्रिगना दाराशी धरलं. ‘मला विचारायचं तरी होतंत!’ ‘तुम्ही नको म्हणाला असता. मी मंत्री होतो, बाई. असली आश्वासनं मी पोत्याने वाटलीत. मंत्री बदलला की सूचना बदलते. कायदा बदलायचा तर त्यांना पुन्हा इथे यावं लागतं, तुमच्यापुढे. येऊ देत की!’ मला रागही येईना आणि आभारही मानता येईनात.

मिसेस स्टॅनिफोर्थ जिन्यात उभ्या होत्या. ‘झालं का हो?’ अर्धं. आता हे खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये जाणार. ‘ते काय म्हणतील?’ नाही म्हणतील. ‘मग?’ मग आम्ही परत पाठवू.

१८ मार्च

कॉमन्सने दुरुस्ती फेटाळली. कारण काय दिलं, तर ‘अनावश्यक’!

क्लेमंट म्हणतो, ‘लोकांनी निवडून दिलेत त्यांना. तुला कुणी निवडलंय?’ कुणीच नाही, म्हणून तर मी कुणाला घाबरत नाही. तो म्हणाला, ‘हे ऐकून मलाच भीती वाटायला लागलीय.’ म्हणतो त्यात तथ्य आहे. शेवटचा शब्द त्यांचाच, आणि असायलाही हवा. पण ‘एकदा पुन्हा विचार करा’ एवढं म्हणायचा हक्क आमचा, आणि तो मी सोडणार नाही!

२४ मार्च

परत पाठवली! बहुमत तीनवरून एकेचाळीस! ॲस्क्रिग आज बोलले. पूर्ण एक वाक्य: ‘मी मागच्या वेळचंच म्हणतो.’

२६ मार्च

सरकारने शस्त्रं टाकली!!

हेसेल्डनने उठून माझे तीन शब्द वाचले. ‘सखोल विचारांती सरकारने तयार केलेला मसुदा’ म्हणे! मी रुमाल तोंडात कोंबला. घे बाबा, तुझ्याच नावावर घे. हलची गाडी पकडली. घरी क्लेमंटने हॅडॉक तळला, अर्धा करपवला. करपलेलासुद्धा संपवला मी.

२९ एप्रिल

राजाची संमती, कायदा झाला. कलम चौदा, माझ्या शब्दांसकट. मिसेस स्टॅनिफोर्थनी त्याच दिवशी हरकत नोंदवली.

९ ऑक्टोबर

आज हलमध्ये डॅरलची खुली सुनावणी. आईने उभं राहून विचारलं. कंपनीच्या वकिलाने अहवालातलं तेच वाक्य वाचलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण उठला. कुणाच्या ओळखीचा नाही, कंपनीच्या एकाही कागदावर नाव नाही. त्या दिवशी त्याला नोंद न करताच कामाला लावलं होतं. ‘सुनावणी उघडी आहे असं कळलं, म्हणून आलो,’ मोडक्या इंग्रजीत म्हणाला. ‘आत मी पडलो होतो. तो मला न्यायला आला. मला दाराबाहेर ढकललं त्याने.’

मिसेस स्टॅनिफोर्थ चालत त्याच्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, ‘जेवलास का रे?’

आम्ही तिघं समोरच्या दुकानात मासा आणि चिप्स खायला गेलो.